भावाच्या रिपोर्टातले दोन एक्स

सासूबाईंनी तो कागद माझ्यापुढे टाकला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. टाकला म्हणजे अक्षरशः टाकला, पोळपाटाच्या कडेला, पिठात. त्यांच्या मागे दारात माझी नणंद उभी होती, पायातली चप्पलही न काढता. सकाळी ती माझ्या भावाबरोबर सुरतेतल्या कतारगामच्या दवाखान्यात गेली होती. आता ती एकटीच आली होती, आणि तीही स्वतःच्या घरी न जाता माहेरी.

इथे एक गोष्ट आधी सांगायला हवी. ही माझी नणंद म्हणजेच माझ्या भावाची बायको. आमच्यात साटंलोटं झालं आहे. मी त्यांच्या घरात दिलेली, त्यांची मुलगी आमच्या घरात आणलेली, दोन्ही लग्नं एकाच दिवशी एकाच मांडवात लागलेली. खानदेशातून सुरतेला आलेल्या आमच्या लोकांत हे अजून चालतं. हुंड्याची बोलणी नाहीत, मानपानाची रुसवाफुगवी नाही, आणि दोन्ही घरांना एकमेकांचा धाक. तुम्ही आमच्या मुलीला नीट वागवा, आम्ही तुमच्या मुलीला वागवतो. एक मुलगी माहेरी परत आली तर दुसरीनेही आपली पिशवी भरायची, हा त्यातला कोणी न बोललेला पण सगळ्यांना पाठ असलेला भाग. आम्ही दोघी एकमेकींच्या नणंदाही आणि भावजयाही. लग्नानंतर कोणी कोणाला काय म्हणायचं यावरून आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो होतो आणि शेवटी दोघींनी एकमेकींना वहिनीच म्हणायचं ठरवलं होतं.

त्यामुळे ती तशी दारात उभी दिसली आणि मी लाटणं खाली ठेवलं. जे काही झालं होतं ते माझ्याही संसारावर येणार होतं.

सासूबाई खानदेशी बोलीत म्हणाल्या, "तू सायन्सनी मास्तरीन शेस ना? वाच. मन्ही पोर आम्ही कोनले देयेल शे ते सांग माले."

मी उधन्याच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवते. घरात कोणाला ताप आला तरी औषधाची पट्टी माझ्याकडे वाचायला येते, मी डॉक्टर नाही हे कितीही वेळा सांगितलं तरी. मी हात पुसले आणि कागद उचलला. वर भावाचं नाव, वय, आणि 'पुरुष'. खाली एक काळापांढरा फोटो. पट्ट्यापट्ट्यांच्या बारीक अळ्या जोडीजोडीने उभ्या करून ठेवल्यासारख्या, मोठी जोडी आधी, मग लहान, प्रत्येकीखाली आकडा. असा फोटो मी दर वर्षी फळ्यावर खडूने काढते. माणसाच्या गुणसूत्रांचा संच, शेहेचाळीस, तेवीस जोड्या. मी शेवटच्या जोडीकडे बघितलं, कारण बघायचं तिथेच असतं. पुरुषाच्या त्या जोडीत एक लांब एक्स असतो आणि त्याच्या शेजारी एक बुटका वाय. इथे दोन्ही लांब होते. दोन एक्स. बाईचे.

मी ते परत वाचलं. मग तिसऱ्यांदा वाचलं. तव्यावरची पोळी जळाली, घरभर धूर झाला, आणि गॅस बंद करायचं कोणालाच सुचलं नाही.

नणंदेने उभ्या उभ्याच सांगितलं. लग्नाला पाच वर्षं झाली तरी मूल नाही म्हणून त्यांनी तपासण्या सुरू केल्या होत्या, हे मला माहीत होतं. तिचं सगळं ठीक निघालं. भावाच्या वीर्यात शुक्राणू एकही नव्हता, हे मला माहीत नव्हतं. म्हणून डॉक्टरांनी त्याचं रक्त गुणसूत्रं बघायला पाठवलं. पहिला रिपोर्ट बघून त्यांनाही नमुन्यांची अदलाबदल झाली असं वाटलं, म्हणून त्यांनी पुन्हा रक्त घेतलं. पुन्हा तेच. नणंद गुजराती शाळेत शिकलेली, तिच्या तोंडी शब्द आला रंगसूत्र. गुजरातीत गुणसूत्राला तसंच म्हणतात. डॉक्टर म्हणाले होते की फार क्वचित काही पुरुष जन्मतःच असे असतात, बाहेरून पूर्ण पुरुष, आत मात्र दोन एक्स. त्यांना मूल होत नाही. त्यावर इलाज नाही.

डॉक्टर खोटं बोलले नव्हते. असे पुरुष असतात, मी पुस्तकात वाचलं होतं. ते पुरुषच असतात, हे मी त्या तिघांना सांगायला गेले. तिसरा माझा नवरा, आतल्या खोलीतून येऊन भिंतीला टेकलेला. पण कोणी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बोलता बोलता माझंही लक्ष पुन्हा पुन्हा त्या कागदाकडे जात होतं. आमची आई लहानपणीच गेली म्हणून ज्याला मी स्वतः आंघोळ घालून शाळेत पाठवलं, तो माझा भाऊ. त्याच्याबद्दल मला हे एका कागदावरून कळावं?

सासूबाईंनी त्यांच्या परीने अर्थ लावला होता. माझ्या बापाने त्यांना फसवलं, नवरदेव म्हणून बाई दिली. रविवारी दोन्हीकडची वडीलधारी बसतील, त्या म्हणाल्या, आणि काय ते मोकळं होऊन जाईल. मोकळं म्हणजे काय हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी फक्त माझ्या मुलाला उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं.  एरवी क्रिकेटवर तासभर बोलणारा माझा नवरा भिंतीला टेकून फरशीकडे बघत राहिला. मला त्याचा इतका राग आला की पोळपाटाजवळचं लाटणं उचलून मी डब्यात ठेवून दिलं, नाहीतर ते फेकलं असतं.

भावाला फोन लावला. तो दवाखान्यातून थेट पलसाण्याला कामावर गेला होता. तिथल्या एका डाइंग मिलमध्ये तो रंगाचा मास्टर आहे. कापडाचा तुकडा नुसता उजेडात धरून रंगात काय कमी पडलं ते सांगतो. मागे मशिनांचा आवाज होता. मी हॅलो म्हटलं.

तो म्हणाला, "ताई, मी कोन शे?"

 मी विज्ञानाची शिक्षिका, आणि मी त्याला एवढंच विचारलं की जेवलास का.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले, कारण घरात बसणं शक्य नव्हतं. दहावीच्या वर्गात नेमका आनुवंशिकतेचा धडा चालू होता. आमची मुलं लूमच्या कारखान्यांत राबणाऱ्यांची, घरात बाप मशिनवर आणि आई साड्यांचे धागे कापणारी, म्हणून या धड्याला मी पुस्तक मिटून धाग्याचा कोन, म्हणजे शंकूसारखं रीळ, घेऊन जाते. पेशीतला डीएनए म्हणजे एक धागा, मी त्यांना सांगते. एका पेशीतला सगळा धागा उलगडून सरळ केला तर माणसाच्या उंचीपेक्षा लांब भरेल, आणि पेशी तर डोळ्यांना दिसतही नाही. मग तो मावतो कसा? गुंडाळून. प्रथिनांच्या बारीक मण्यांवर दोन दोन वेढे, त्या मण्यांची माळ पुन्हा पिळलेली, तो पीळ पुन्हा वेटोळ्यात. एरवी तो केंद्रकात सैल पसरलेला असतो. पेशीला दोन व्हायचं असलं की घट्ट आवळला जातो, आणि तेव्हाच सूक्ष्मदर्शकाखाली त्या जाड अळ्या दिसतात. गुंता एकही नाही. मुलांना हे लगेच पटतं, गुंता झाला तर मशीन थांबतं हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

त्या दिवशी हे सगळं तोंडाने चालू होतं आणि डोकं दुसरीकडे होतं. एका मुलीने विचारलं की माणूस मोठा झाल्यावर ही गुणसूत्रं बदलतात का. मी म्हणाले, नाही. जन्माला येताना जी मिळतात तीच मरेपर्यंत, पायाच्या बोटातल्या पेशीत तीच आणि रक्तातल्या पेशीत...

आणि मी तिथेच थांबले.

रक्तातल्या पेशीत.  मुलं एकमेकांकडे बघू लागली. मी खुर्चीवर बसले आणि त्यांना पुस्तकातली आकृती काढायला सांगितली.

भाऊ एकोणीस वर्षांचा असताना त्याच्या अंगातलं रक्त बनणंच थांबलं होतं. हाडांच्या आत जो मगज असतो, जिथे रक्त तयार होतं, तो सुकत चालला होता. अंगावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त, चेहरा कोऱ्या कापडासारखा. डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. तिथे सांगितलं, सख्ख्या बहिणीचा मगज जुळला तर वाचेल. माझा जुळला. माझ्या कंबरेच्या हाडात सुया घालून त्यांनी मगज काढला आणि पिशवीतून त्याच्या शिरेत सोडला. त्याआधी जबर औषधं देऊन त्याचा स्वतःचा उरलासुरला मगज पार संपवला होता. हळूहळू माझ्या पेशी त्याच्या हाडांत जाऊन बसल्या आणि रक्त बनवू लागल्या. त्याचा रक्तगटसुद्धा बदलून माझा झाला. तिथल्या नर्सने थट्टेने म्हटलं होतं, आता राखी तू बांधायची की त्याने?

आणि ही गोष्ट आम्ही विसरलो होतो. लोकांना खरं वाटणार नाही, पण मीही विसरले होते. कारण सुरतेला परत येताना बाबांनी गाडीतच बजावलं होतं की हे कोणाला कळता कामा नये. पोराच्या रक्तात खोट आहे हे कळलं तर त्याला मुलगी कोण देणार, आणि पोरीच्या हाडातला मगज काढलाय हे कळलं तर तिला कोण करून घेणार? तिला मूल धरवेल का, तिला बाळंतपण झेपेल का, अशा शंका लोक काढतील. शेजाऱ्यांना सांगितलं, भावाला मोठी कावीळ झाली होती. आमच्या घरात कोणी परत तो विषय काढला नाही. जी गोष्ट वर्षानुवर्षं जिभेवर येत नाही ती डोक्यातही यायची थांबते. म्हणून दवाखान्याने पूर्वी काही मोठा आजार झाला होता का असं विचारलं तेव्हा भावाने सरळ नाही म्हणून सांगितलं असणार. त्याला ते खोटंही वाटलं नसेल.

त्या रिपोर्टातला फोटो माझा होता. दोन एक्स माझे होते. भावाचं नाव लिहिलेल्या कागदावर मी जोडीजोडीने उभी होते आणि मीच मला ओळखलं नव्हतं.

मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. घरी सासूबाई दारात साडीच्या उलट्या बाजूचे धागे कापत बसल्या होत्या, शेजारी नणंद. नवऱ्याला मी फोन करून बोलावून घेतलं. आणि मी सांगितलं, सगळं, पहिल्यापासून. सांगताना मला माहीत होतं की भावाला वाचवायचं तर मला माझंच झाकलेलं उघडं करावं लागणार. मी पाठ फिरवून साडीचा काठ खाली केला आणि कंबरेवरचे दोन बारीक डाग दाखवले.

सासूबाईंची कात्री थांबली. माझ्या बाळंतपणात त्यांनी महिनाभर माझं अंग चोळलं होतं, ते डाग त्यांच्या हाताखालून रोज गेले होते. लहानपणी पोट दुखलं म्हणून कोणी बिब्याचे डाग दिले असतील असं त्या धरून चालल्या होत्या.  मग त्यांनी विचारलं की हाडाला भोक पडलं होतं का, आणि ते भरलं का. भरलं, मी म्हणाले, कधीच भरलं. त्यांनी माझा काठ वर ओढला, नीट खोचला, आणि परत धागे कापायला लागल्या. पण कात्री चुकीच्या जागी चालत होती, साडीला बारीक छेद गेला आणि त्यांना ते दिसलंच नाही.

रविवारची बैठक पुढे ढकलली. रद्द नाही, पुढे ढकलली.

डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो, भाऊ, नणंद आणि मी. मी सांगायला लागले तशी त्यांनी पेन खाली ठेवलं. मग ते रागावले, गुजरातीत, हिंदीत, मधूनच इंग्रजीत, आणि बरोबरच रागावले. इतकी मोठी गोष्ट लपवतं का कोणी? त्यांनी भावाच्या दंडावरच्या कातडीचा बारीक तुकडा घेतला आणि मुळांसकट काही केस उपटून घेतले. रक्त माझं होतं, पण कातडी आणि केस त्याचेच. रिपोर्ट येईपर्यंत भाऊ पलसाण्याच्या मिलमध्येच झोपत होता, घरी जात नव्हता. नणंद माझ्याकडेच होती. ती स्वयंपाकात मदत करायची, माझ्या मुलाला खेळवायची, आणि भावाचं नाव निघालं की उठून गच्चीवर जायची.

रिपोर्ट आला. एक्स आणि वाय. बुटका वाय बिचारा आपल्या जागी उभा होता. डॉक्टर हसले, मी चक्क रडले, आणि भावाने नणंदेकडे बघितलं, कितीतरी दिवसांनी सरळ बघितलं. मला वाटलं संपलं. आता घरी जायचं, वाटेत काहीतरी गोड घ्यायचं.

मग डॉक्टर सहज बोलावं तसं म्हणाले की मूल न होण्याचं कारण आता स्पष्ट आहे. मगज बदलण्याआधी जी जबर औषधं देतात त्यांनी पुष्कळदा असं होतं. पण हे तर त्या वेळी सांगतातच. वीर्य आधी काढून गोठवून ठेवायचं का हेही विचारतात. तुम्हाला विचारलं नव्हतं का?

भावाने मान हलवली. नाही. तो तेव्हा तापाने फणफणलेला, काचेपलीकडच्या खोलीत होता. मलाही कोणी विचारलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, मग घरच्या कोणाला तरी सांगितलं असणार, सही घेतली असणार.

आमच्या घरचं कोणीतरी म्हणजे एकच माणूस, बाबा. भावाचा चेहरा बघता बघता पांढरा झाला. पहिल्या रिपोर्टाने त्याला जेवढं हादरवलं नव्हतं तेवढं या एका वाक्याने हादरवलं. तो उठून बाहेर गेला. जिन्यात त्याने नणंदेला एवढंच सांगितलं की मला माहीत नव्हतं, तुला जायचं असेल तर जा, मी अडवणार नाही. आणि तो गर्दीत चालत निघून गेला.

मी आणि नणंद रिक्षात बसलो.  रिंग रोडला तिने मला विचारलं की साटंलोटं करायचं कोणाच्या डोक्यातून आलं होतं, तुमच्या की आमच्या? मी म्हणाले, बाबांच्या. माझ्यासाठी नंदुरबारच्या एका शिक्षकाचं स्थळ आलं होतं, चांगलं होतं, मला आवडलंही होतं. पण बाबा अडून बसले, द्यायचं तर साट्यातच. मी त्याचा अर्थ असा लावला होता की आईवाचून वाढलेली पोर त्यांना डोळ्यांसमोर हवी, सुरतेतच हवी. या विचाराने मला इतकी वर्षं बरं वाटत आलं होतं.

नणंद माझ्याकडे बघत होती. तिच्या बघण्यात राग नव्हता, कीव होती, आणि त्यानेच मी घाबरले.

ती म्हणाली, "वहिनी, तुन्हा बापनी तुले दोनदा दिन्हं."

मला कळायला एक सिग्नल लागला. बाबांना माहीत होतं की मुलाला मूल होणार नाही. आज ना उद्या सून हे ओळखेल आणि निघून जाईल. तिने जाऊ नये म्हणून काय करायचं? तिच्या भावाच्या घरात आपली मुलगी ठेवायची. ती गेली तर तिच्या भावाचा संसार मोडेल. म्हणजे ती जाणार नाही. पहिल्यांदा त्यांनी माझ्या हाडातला मगज मुलाला दिला. दुसऱ्यांदा मलाच.

 खरी फसवली गेली होती ती. तरी तिनेच माझा हात धरला. रिक्षावाला आरशातून बघत होता.

मी तिला घरी सोडलं आणि तीच रिक्षा पुढे बाबांकडे नेली. बाबा उधन्यात आमच्या जुन्याच खोलीत राहतात. आयुष्यभर लूमवर उभं राहून त्यांचे कान गेलेत, त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. हे ओरडून विचारण्यासारखं नव्हतं. मी त्यांच्या अगदी जवळ बसले, कानाशी तोंड नेलं आणि विचारलं, जाणूनबुजून केलंत का?

त्यांनी नाही म्हणावं असं मला वाटत होतं. अगदी मनापासून वाटत होतं. म्हातारपणी माणसं बोलता बोलता विषय बदलतात, तसं तरी करावं. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पाणी मागावं इतक्या साध्या आवाजात सांगितलं.

"मन्हाजोडे दोनच लेकरं व्हतात. एकले वाचाडाले दुसरं व्हतं. आखो काय व्हतं मन्हाजोडे?"

एकाला वाचवायला दुसरं. मी उठून आले. चहा ठेवू का असं त्यांनी विचारलं, मी नको म्हणाले. मुंबईच्या त्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलं होतं, तुमची तयारी आहे का, हे मला वाटेत आठवलं. मी तोंड उघडण्याआधीच बाबा हो म्हणाले होते. मीही होच म्हटलं असतं, एका क्षणात म्हटलं असतं. पण ते मला म्हणू दिलं नव्हतं.

घरी आले तेव्हा नणंदेने तिच्या आईला सगळं सांगून टाकलं होतं. सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं, आता पिशव्या दोन भरायच्या. नवरा नेहमीप्रमाणे भिंतीला टेकलेला. मला वाटलं, झालं. मी माझ्या मुलाकडे बघितलं, तो फरशीवर रिकाम्या रिळांची गाडी करून खेळत होता.

नणंद आईसमोर जाऊन बसली. तिने माझ्या मुलाला उचलून मध्ये बसवलं, आईचा हात ओढून त्याच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "मी तठे ऱ्हासू का आठे येसू, ते मन्हं मी देखसू. पन वहिनीले कोनी धाडानं नही. बोल."

 सासूबाईंनी हात काढला नाही. मुलगा वर बघून हसला, त्याला वाटलं आजी लाड करतेय. मग भिंतीजवळून आवाज आला. माझा नवरा म्हणाला की आई, बोल. तेवढंच म्हणाला, पण म्हणाला. माझा त्याच्यावरचा सगळा राग गेला असं म्हणणार नाही, पुष्कळसा गेला.

सासूबाई बोलल्या. कोणी तिला माहेरी धाडणार नाही.

नणंद चार दिवस तशीच राहिली. त्या दिवसांत मी तिला एकदाही विचारलं नाही की तू काय करणार. पाचव्या दिवशी तिने सकाळी केस धुतले, कपडे पिशवीत भरले आणि माझ्या भावाला फोन केला. मी भांडी घासत होते, नळ बंद केला. ती त्याला रागावत होती. मिलमध्ये काय झोपतोस, घरात उंदीर झाले असतील, कुलूप उघड, मी येतेय. आणि येतेय म्हणजे मूल होणार नाही हे कळून येतेय, उगाच तोंड पाडून बसायचं नाही. मग तिने चप्पल घातली. दारात माझ्याकडे वळून म्हणाली की तुम्ही सगळ्यांनी पण यायचं रविवारी, वहिनी, जेवायला.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. ते फोनवर नेहमीच ओरडून बोलतात, समोरच्यालाही कमी ऐकू येत असेल असं समजून. सून परत आली का, त्यांनी विचारलं. आली, मी ओरडून सांगितलं. तुम्ही तिला बांधून ठेवलं होतं, आता ती मोकळी होती, तरी आली.  मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही.

मग ते म्हणाले, "आनि तू?"

 मगज देताना आणि लग्न ठरवताना, दोन्ही वेळा त्यांनी मला विचारायचं राहून गेलं होतं ते हेच, तुला काय हवंय. मी नंदुरबारच्या त्या स्थळापासून सांगायला लागले, आणि त्यांनी फोन ठेवला नाही.